निबंधातला सैनिक आणि आपल्या गल्लीतला सैनिक



'सैनिकाचे मनोगत' हा निबंध आपल्यापैकी प्रत्येकाने कधी ना कधी शिकवला आहे आणि ढिगाने तपासलाही आहे. तो कसा असतो हे मी वेगळं सांगायला नको. पहिल्या परिच्छेदात हाडं गोठवणारी थंडी. दुसऱ्यात आईची आठवण. तिसऱ्यात शत्रूचा अचानक हल्ला. चौथ्यात छातीवर गोळी आणि तिरंग्यात लपेटलेला देह. शेवटी 'जय हिंद'.

मागच्या वर्षी २६ जुलैला, कारगिल विजय दिवसाच्या निमित्ताने, मी आठवीच्या वर्गाला हाच विषय दिला. चाळीसएक वह्या आल्या. रात्री जेवणं आवरून तपासायला बसले. दहा-बारा वह्या झाल्यावर लक्षात आलं, की जवळजवळ प्रत्येक वहीतला सैनिक शेवटच्या परिच्छेदात मरतो आहे. कुणाचाच सैनिक घरी येत नाही.

एका मुलीच्या वहीत मात्र वेगळंच होतं. तिने लिहिलं होतं, "माझे आजोबा सैनिक होते. ते पहाटे साडेचारला उठतात. पांघरुणाची घडी अशी घालतात की चारही कोपरे जुळतात. कुणी दार आपटलेलं त्यांना आवडत नाही. मी लढाईचं विचारलं तर म्हणतात, आधी जेवून घे." असा पाऊण पानाचा मजकूर. त्यात शत्रू नाही, हौतात्म्य नाही, जय हिंद नाही. मी लाल पेनाने शेरा मारला, 'मनोगत प्रथमपुरुषी हवे. मुद्देसूद नाही.' आणि आठपैकी तीन गुण दिले.

पुढच्या पालक सभेला त्या मुलीचे आजोबा आले. वडील पुण्याला कंपनीत असतात. मी आजोबांना पाहिलं आणि ओळखलं. माझा पगार ज्या बँकेत जमा होतो, तिच्या दारात बंदूक घेऊन बसणारे हेच ते. कित्येक वर्षं त्यांनी माझ्यासाठी दार उघडून धरलं होतं आणि मी त्यांना एकदाही नाव विचारलं नव्हतं. त्यांनी वही पुढे केली आणि म्हणाले, "बाई, पोरीचं काय चुकलं तेवढं सांगा. म्हणजे पुढच्या टायमाला मी तिला नीट सांगीन."

आवाजात तक्रार नव्हती. खरंच विचारत होते. मला काही उत्तर देता आलं नाही. पोरीचं काही चुकलं नव्हतं. चाळीस जणांमध्ये तिने एकटीनेच खऱ्या सैनिकाबद्दल लिहिलं होतं, आणि गुण तिचेच कापले गेले होते.

सैनिक घरी येतो तेव्हा

आपल्या मुलांना हुतात्मा माहीत असतो, माजी सैनिक माहीत नसतो. यात मुलांचा दोष नाही. पाठ्यपुस्तक, सिनेमा, भाषणं, सगळीकडे सैनिक म्हणजे सीमेवर उभा असलेला किंवा धारातीर्थी पडलेला. पण सैन्यात गेलेल्यांपैकी बहुतेक माणसं, देवाच्या कृपेने, घरी परत येतात. ती आपल्या गावात राहतात, रेशनच्या रांगेत उभी असतात, नातवाला शाळेत सोडायला येतात.

पालकांना आणि तरुण शिक्षकांना एक गोष्ट सहसा माहीत नसते. साधा शिपाई म्हणून भरती झालेला जवान साठीला निवृत्त होत नाही. २०२२ पूर्वी भरती झालेल्यांना पंधरा वर्षं सेवा झाली की पेन्शन लागू होते, आणि बरेच जवान पस्तिशी-चाळिशीतच 'पेन्शनीत' येतात. म्हणजे ज्या वयात आपली नोकरी कुठे स्थिरावलेली असते, घराचं कर्ज सुरू झालेलं असतं, मुलं दुसरी-तिसरीत असतात, त्या वयात हा माणूस ट्रंक घेऊन गावच्या स्टँडवर उतरतो. नव्याने काम शोधतो. आणि बऱ्याचदा ते काम म्हणजे बँकेच्या दारात, एटीएमपाशी, कारखान्याच्या गेटवर किंवा एखाद्या सोसायटीत राखणदारी.

गावात त्याला 'मेजर' म्हणतात. मग तो शिपाई म्हणून निवृत्त झालेला असो की सुभेदार म्हणून. "रामराम मेजर" म्हणण्यात आपुलकी असते, नाही असं नाही. पण त्यापुढचं बोलणं बहुधा एकाच गोष्टीवर येतं. "कँटीनची आणली का?" माझ्या वडिलांच्या पारावरच्या गप्पांत मी हे लहानपणापासून ऐकलं आहे. सतरा-अठरा वर्षं घरापासून लांब राहून आलेल्या माणसाला गाव सगळ्यात जास्त वेळा विचारतं ते रमच्या बाटलीबद्दल. आपणही त्या हसण्यात सामील होतो आणि मग पंधरा ऑगस्टला त्याच माणसाला शाल घालतो.

शाल, श्रीफळ आणि एक प्रश्न

शालीचंच सांगते. पालक सभेनंतर माझं मन मला खात होतं. म्हणून त्या आजोबांना पंधरा ऑगस्टच्या कार्यक्रमाला बोलवायचं असं मी मुख्याध्यापकांना सुचवलं. सगळ्यांना कल्पना आवडली. गावातल्या आणखी तीन माजी सैनिकांनाही निमंत्रण गेलं.

चौघंही सातच्या ठोक्याला हजर. इस्त्रीचा पांढरा शर्ट, एकाच्या छातीवर मेडल. प्रमुख पाहुणे आले पावणेनऊला. तोपर्यंत ध्वजारोहण झालं, कवायत झाली, लेझीम झालं, आणि हे चौघं उन्हात खुर्च्यांवर ताठ बसून होते. मग पाहुण्यांचं भाषण झालं. भाषणात जवान होते, बलिदान होतं, सगळं होतं. त्यानंतर 'वेळेअभावी' चौघांना एका ओळीत उभं करून शाल आणि नारळ दिला, फोटो काढला. चौघांपैकी एकालाही माइक मिळाला नाही.

मला फारच वाईट वाटलं, म्हणून खाऊवाटप चालू असताना मी आजोबांना आमच्या वर्गातल्या मुलांजवळ घेऊन गेले. म्हटलं, विचारा काय विचारायचं ते. पहिला हात वर झाला आणि पहिला प्रश्न आला, "तुम्ही किती जणांना मारलं?"

आजोबा थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "मी सिग्नलमधे होतो बाळ. लाइनमन. टेलिफोनची तार जोडायचो. सतरा वर्षांत माझ्या हातनं कुणावर गोळी सुटली नाही."

मुलांचे चेहरे पडले. मागे कुणीतरी हसलं. आणि त्यांची नात, ती निबंधवाली, खाली मान घालून पायाने माती उकरत राहिली. एकाच महिन्यात त्या मुलीला शाळेने दुसऱ्यांदा सांगितलं होतं, की तुझे आजोबा काही खरे सैनिक नाहीत. पहिल्यांदा मी लाल पेनाने सांगितलं, दुसऱ्यांदा वर्गाने हसून.

त्या मुलाला मी रागावले नाही. तो प्रश्न त्याला आपणच शिकवला आहे.

लढणं म्हणजे फक्त गोळी झाडणं नव्हे

सैन्य कसं चालतं याची मुलांना काहीच कल्पना नसते, आणि खरं सांगायचं तर मलाही नव्हती. पुढच्या चौकीवर एक जवान उभा असतो तेव्हा त्याच्यामागे स्वयंपाकी असतो, ड्रायव्हर असतो, नर्सिंग असिस्टंट असतो, गाड्या दुरुस्त करणारा असतो, पूल बांधणारा, खेचरं हाकणारा, टपाल पोचवणारा आणि तार जोडणारा असतो. यातला एक जण कमी पडला तर पुढचा उभा राहू शकत नाही.

याची उदाहरणं आपल्या जवळचीच आहेत. परमवीर चक्र मिळवणारे रामा राघोबा राणे कारवारकडचे. पुण्याजवळच्या खडकीला ज्यांचं केंद्र आहे त्या बॉम्बे सॅपर्समधले. एप्रिल १९४८ मध्ये नौशेराहून राजौरीकडे आपले रणगाडे पुढे जाऊ शकत नव्हते, कारण रस्त्यात सुरुंग पेरलेले आणि झाडं आडवी टाकलेली. राणे आणि त्यांच्या माणसांनी वरून गोळ्या येत असताना सुरुंग काढले, अडथळे हटवले, वळणवाट तयार केली. त्यांना देशातला सर्वोच्च शौर्य सन्मान मिळाला तो रस्ता मोकळा करण्यासाठी. आणि ते परत आले, पुढे १९६८ पर्यंत सैन्यात राहिले, मेजर म्हणून निवृत्त झाले. परमवीर चक्र म्हटलं की मुलांना ते मरणोत्तरच मिळतं असं वाटतं. राण्यांची गोष्ट त्यांना जरूर सांगा.

दुसरं उदाहरण सांगली जिल्ह्यातल्या पेठ इस्लामपूरचे मुरलीकांत पेटकर. सैन्याच्या ईएमई विभागात, म्हणजे यंत्रं आणि गाड्यांची देखभाल करणाऱ्या विभागात ते होते. १९६५ च्या युद्धात त्यांना गोळ्या लागल्या आणि कमरेखालचं शरीर लुळं पडलं. आपल्या निबंधाच्या साच्यात गोष्ट इथेच संपते. पेटकरांची इथून सुरू झाली. १९७२ मध्ये जर्मनीतल्या हायडेलबर्गला त्यांनी पोहण्यात भारताला पॅरालिंपिकचं पहिलं सुवर्णपदक मिळवून दिलं. पद्मश्री मिळायला मात्र २०१८ साल उजाडावं लागलं. त्यांच्यावरचा 'चंदू चॅम्पियन' सिनेमा मुलांनी पाहिलेला असतो. पण अशा जखमी जवानांसाठी खडकीला पॅराप्लेजिक रिहॅबिलिटेशन सेंटर आहे, तिथे व्हीलचेअरवरचे माजी सैनिक राहतात, शिकतात, खेळतात, हे किती पालकांना माहीत असतं? पुण्यात सहल नेतो तेव्हा आपण शनिवारवाडा दाखवतो. आधी परवानगी घेऊन कधी इकडेही जाता येईल.

आणि तिसरं उदाहरण तर आपल्या शिक्षकी पेशातलंच आहे. रामजी सकपाळ. सैन्यात सुभेदार होते आणि महूच्या छावणीतल्या शाळेत शिकवत होते. निवृत्तीनंतर ते कुटुंबासह दापोलीला, मग साताऱ्याला आले. ७ नोव्हेंबर १९०० रोजी त्यांच्या धाकट्या मुलाचं नाव साताऱ्याच्या शाळेत दाखल झालं. तो दिवस आपण आता विद्यार्थी दिवस म्हणून साजरा करतो, कारण तो मुलगा म्हणजे डॉ. बाबासाहेब आंबेडकर. विद्यार्थी दिवसाच्या भाषणात आपण भीमरावांबद्दल बोलतो आणि ते बरोबरच आहे. पण त्या मुलाचा अभ्यास घेणारा, त्याच्या पुस्तकांसाठी पदरमोड करणारा बाप हा एक पेन्शनर सैनिक होता, हे त्याच भाषणात दोन वाक्यांत सांगता येतं.

घरी राहिलेल्या बाईचं काय?

सैनिकाचा सन्मान करताना आपण आणखी एका माणसाला हमखास विसरतो. त्याची बायको.

दिवाळीनंतर मी त्या मुलीच्या घरी गेले. आजोबांशी बोलायला गेले होते, पण जास्त बोलल्या त्या आजी. लग्नानंतर सतरा वर्षांत नवरा एकत्र किती राहिला त्याचा हिशेब त्यांनी बोटांवर मांडून दाखवला. वर्षातून एकदा दोन महिन्यांची सुट्टी, तीही शेताच्या हंगामावर अवलंबून. दोन्ही बाळंतपणांना ते नव्हते. सासऱ्यांच्या मातीलाही पोचले नाहीत. पेरणी, सोसायटीचं कर्ज, दिराशी बांधावरून झालेलं भांडण, पोरांचे दाखले, सगळं त्यांनीच निभावलं.

आजींना लिहिता येत नाही. पण नवऱ्याच्या पत्त्यातला 'केअर ऑफ ५६ एपीओ' हा भाग त्यांनी मला घडाघडा म्हणून दाखवला. नंबर, हुद्दा, नाव, युनिट आणि शेवटी ५६ एपीओ. सैन्याच्या टपालाचा हा पत्ता. त्यात गावाचं नाव नसतं, जिल्हा नसतो. माणूस नेमका कुठे आहे, हे पत्त्यावरून कळत नाही.

मी विचारलं, मग पत्र कोण लिहायचं? म्हणाल्या, "शाळेतले गुरुजी. आमच्या गावच्या सगळ्या मिलिट्रीवाल्यांच्या बायकांची पत्रं गुरुजीच लिहायचे. आलेली वाचून पण दाखवायचे. काय वाचायचं नाही ते गाळायचे पण."

मंडळी, हे ऐकून मी बराच वेळ काही बोलले नाही. आपल्या आधीच्या पिढीतले शिक्षक सैनिकाच्या घरचे लेखनिक होते. कुणाच्या घरी काय चाललंय, कुणाची बदली कुठे झाली, कोण किती दिवसांत येणार, हे त्यांना ठाऊक असायचं. आज मोबाइल आला, पत्रं संपली, ते ठीकच आहे. पण त्याबरोबर शाळेचा त्या घरांशी असलेला संबंधही संपला. उरली ती फक्त शाल.

माझ्या घरातली ट्रंक

इथे मला माझ्या घरचंही सांगायला हवं. नाहीतर मी तुम्हाला उपदेश करते आहे असं वाटेल.

माझे थोरले चुलते सैन्यात होते. आम्ही त्यांना आप्पा म्हणायचो. आम्हाला माहीत असलेले आप्पा म्हणजे सकाळी रेडिओवर बातम्या लावणारे, आमची नखं तपासणारे, चहा बशीत ओतून पिणारे आप्पा. मी वीस वर्षं इतिहास शिकवते. १९७१ चं युद्ध, ३ डिसेंबरला सुरू झालं, १६ डिसेंबरला ढाक्यात पाकिस्तानी सैन्याने शरणागती पत्करली, सुमारे ९३ हजार युद्धकैदी. हे मी दरवर्षी फळ्यावर लिहिते. कधीकधी शनिवारी शाळा सुटल्यावर आप्पांकडे जायचे, चहा प्यायचे, घरी यायचे.

आप्पा गेल्यावर दिवसकार्य झालं आणि काकूंनी त्यांची काळी ट्रंक उघडली. वर पांढऱ्या रंगात नंबर आणि नाव लिहिलेली ती ट्रंक आम्ही लहानपणी बसायला वापरायचो. आत डिस्चार्ज बुक, दोन पत्रं, एक लोकरीची टोपी आणि कागदात गुंडाळलेली मेडलं. त्यातलं एक होतं 'पूर्वी स्टार'. १९७१ च्या युद्धात पूर्व आघाडीवर असलेल्यांना मिळालेलं.

म्हणजे जे मी फळ्यावर लिहीत होते, तिथे आप्पा होते. आणि मी त्यांना वीस वर्षांत एक प्रश्न विचारला नाही. ते बोलले असते की नाही, मला माहीत नाही. कदाचित त्यांनीही 'आधी जेवून घे' असंच म्हटलं असतं. पण मी विचारलंच नाही. आता त्या दोन पत्रांतली शाई पुसट झाली आहे आणि काकूंना युनिटचं नावही नीट आठवत नाही.

१९७१ ला विशीत असलेला जवान आज सत्तरीच्या पुढे आहे. १९६२ आणि १९६५ पाहिलेले तर ऐंशीच्या घरात किंवा त्याही पुढे. 'पुढच्या वर्षी करू' हा आपला नेहमीचा शब्द इथे चालणार नाही.

मग काय करायचं?

शाल घालू नका असं मी म्हणत नाही. पण शालीआधी विचारपूस करा. आमच्या वर्गाने डिसेंबरात जे केलं ते सांगते. तुम्ही तुमच्या पद्धतीने बदल करा.

पहिलं, प्रश्न आधी वर्गात तयार केले. 'किती मारले', 'भीती वाटली का', 'मित्र मेले का' हे प्रश्न विचारायचे नाहीत असं ठरलं, आणि का नाही यावर पाऊण तास चर्चा झाली. तो पाऊण तास मला पूर्ण प्रकरणापेक्षा मोलाचा वाटला. मग मुलांनीच हे प्रश्न काढले:

- भरतीला गेलात तेव्हा घरून कोण सोडायला आलं होतं?
- पहिल्या दिवशी जेवायला काय होतं? तुम्हाला पहिल्यांदा हिंदी बोलायला जमलं का?
- तुमचं नेमकं काम काय होतं? ते कुणी शिकवलं?
- सगळ्यात थंड जागा कोणती? तिथे अंघोळ कशी करायचे?
- तुमच्या खोलीत कुठकुठल्या राज्यांतले लोक होते? सण कसे करायचे?
- घरचं पत्र किती दिवसांनी मिळायचं?
- सुट्टी संपवून परत जाताना कसं वाटायचं?
- परत आल्यावर गावात सगळ्यात अवघड काय गेलं?

दुसरं, आजोबांना मंचावर नाही, वर्गात बोलावलं. मुलं गोल करून जमिनीवर, आजोबा आणि आजी खुर्चीवर. पाहुणे नाहीत, माइक नाही, फोटो शेवटी एकच. त्यांनी येताना तारेचे दोन तुकडे आणि पक्कड आणली होती. लेहच्या थंडीत उघड्या हाताने लोखंडाला हात लावला तर कातडी चिकटते, आणि जाड हातमोजे घालून बारीक तार जोडता येत नाही, मग काय करायचं, हे त्यांनी दाखवलं. एक गाठ मारली आणि म्हणाले, "ही सुटली तर वरच्या पोस्टवरचा माणूस एकटा पडतो. त्याला बोलता येत न्हाई, त्याचं कुणाला ऐकू येत न्हाई." वर्गात टाचणी पडली तरी ऐकू येईल अशी शांतता. 'किती मारले' विचारणारा तोच मुलगा पक्कड हातात घेऊन तासभर ती गाठ मारत बसला होता.

तिसरं, बोलायचं नसेल तर सक्ती नाही. एका माजी सैनिकाने आम्हाला नम्रपणे नकार दिला. आम्ही 'बरं' म्हटलं आणि त्यांच्या घरी तिळाचे लाडू देऊन आलो. काही जखमा दिसत नाहीत. आपलं प्रकल्प-वहीचं काम त्यापेक्षा मोठं नाही. ज्यांच्या घरचा माणूस परत आलाच नाही, त्या घरी मुलांना पाठवण्याआधी तर शिक्षकाने स्वतः जाऊन विचारावं.

चौथं, लिहून ठेवा आणि पडताळून घ्या. सालं, युनिटची नावं, मेडलं यांसाठी डिस्चार्ज बुक पाहायला मागा. मेडलांवर नंबर आणि नाव कोरलेलं असतं. घरात जुनी मेडलं असतील पण माहिती नसेल, तर जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात चौकशी करता येते. पालकांनो, हे काम तुम्ही मुलांसोबत घरी करू शकता. आणि एक सांभाळा. सध्या सेवेत असलेल्या नातेवाइकाचं ठिकाण, युनिट, फोटो प्रकल्पात लिहू नका आणि ग्रुपवर टाकू नका.

पाचवं, गावाचा दगड शोधा. सातारा, रत्नागिरीकडच्या बऱ्याच गावांत पहिल्या महायुद्धाची छोटी संगमरवरी पाटी असते. चावडीच्या, शाळेच्या किंवा देवळाच्या भिंतीत. त्यावर या गावातून इतके लोक १९१४ ते १९१९ च्या युद्धात गेले, त्यातले इतके कामी आले, एवढंच इंग्रजीत असतं. नावं नसतात. साताऱ्याजवळच्या अपशिंग्याच्या नावापुढे 'मिलिटरी' लागलं ते तिथल्या घरटी सैन्यात जाण्याच्या परंपरेमुळे. पहिल्या महायुद्धात त्या एका गावाने ४६ माणसं गमावली. कोल्हापूर जिल्ह्यात तर गावाचंच नाव सैनिक टाकळी. तुमच्या गावात अशी पाटी असेल तर तिच्यावरच्या आकड्यातली किती नावं आज सांगता येतात, ते मुलांना जुन्याजाणत्यांकडून शोधू द्या. आपल्या हयातीतल्या सैनिकांचीही नुसती संख्याच उरू नये असं वाटत असेल, तर हाच धडा पुरेसा आहे.

सहावं, ध्वजदिन. १९४९ पासून ७ डिसेंबर हा सशस्त्र सेना ध्वजदिन आहे. आपल्याकडे तो बहुधा स्टिकर, पावती आणि जमा रक्कम एवढाच असतो. मूल घरून दहा रुपये आणतं आणि ते कशासाठी हे त्याला ठाऊक नसतं. तो निधी माजी सैनिक, जखमी जवान आणि वीरपत्नी यांच्या कल्याणासाठी जातो. स्टिकर लावण्याआधी पाच मिनिटं हे सांगा.

दोन शंका

काही शिक्षक म्हणतील, पोर्शन कधी पुरा करायचा? मला एकूण चार तासिका लागल्या. मुलाखत, पत्रलेखन, अनुलेखन आणि इतिहास एकत्रच झाला, आणि निबंध पुन्हा लिहून घेतला तेव्हा मला चाळीस वेगवेगळे निबंध वाचायला मिळाले.

काही पालकांना काळजी वाटते, की अशाने मुलांच्या डोक्यात युद्धाचं वेड भरेल. माझा अनुभव उलटा आहे. युद्धाची चढी भाषा मुलं टीव्हीवरून आणि गेममधून शिकतात. जो माणूस तिथे जाऊन आला आहे, तो सहसा त्या भाषेत बोलत नाही. तो थंडीबद्दल बोलतो, खेचराबद्दल बोलतो, तमिळ दोस्ताने केलेल्या इडलीबद्दल बोलतो. मुलांनी त्याला ऐकलं की त्यांचा आवाज आपोआप खाली येतो.

येत्या संक्रांतीला

१४ जानेवारीला बहुतेक वर्षी आपल्याकडे संक्रांत असते. त्याच तारखेला आपल्या देशात माजी सैनिक दिन पाळला जातो. स्वतंत्र भारताचे पहिले भारतीय लष्करप्रमुख के. एम. करिअप्पा १४ जानेवारी १९५३ रोजी निवृत्त झाले, म्हणून ही तारीख. म्हणजे हा दिवस निवृत्त होण्याचा, घरी परत येण्याचा आहे. तिळगूळ घेऊन एरवीही आपण दहा घरी जातोच. या वर्षी त्यातलं एक घर माजी सैनिकाचं असू द्या. मुलाला बरोबर न्या. जोडे काढा, बसा, आणि एक साधा प्रश्न विचारा. मग गप्प राहून ऐका.

त्या मुलीच्या निबंधाचं राहिलंच. मी तिची जुनी वही परत मागून घेतली, आठपैकी तीनवर काट मारली आणि आठ लिहिले. शेजारी शेरा लिहिला, 'तपासताना बाईंची चूक झाली.' ती वही तिने आजोबांना दाखवली. दुसऱ्या दिवशी बँकेत गेले तर आजोबांनी नेहमीसारखं दार उघडून धरलं. या वेळी मी थांबले, आणि आम्ही दोघं दारातच पाच मिनिटं बोलत उभे राहिलो.

तुमच्या शाळेत, सोसायटीत, बँकेच्या दारात असं कुणी आहे का? विचारून पाहा. आणि तुमच्या मुलांनी काय लिहिलं ते आम्हालाही नक्की कळवा.